टोकन देण्याआधी

चि. निखिल,


वाघोलीच्या फ्लॅटचा तुझा तक्ता मिळाला. रंगबिंग मस्त भरलेत, पण तळाशी ‘आईची ठेव – ११ लाख’ असं वाचलं आणि राग आला, तो अजून उतरलेला नाही. दादाची ग्रॅच्युइटी आहे ती. वहिनी ‘हो’ म्हणाली, म्हणतोस. नाशिकच्या प्लॉटच्या वेळी दादालाही ती अशीच ‘हो’ म्हणाली होती. पुढचं तुला ठाऊक आहे.

वर तुझी हुशारी अशी की, फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचा, म्हणजे मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. मान्य, ५० लाखांच्या फ्लॅटवर ५० हजार वाचतील. पण मालकी तिची असेल तर नुसत्या सहकर्जदाराला, म्हणजे तुला, व्याजाची वजावट मिळत नाही. आणि तू नव्या करप्रणालीत आहेस ना? तिथे भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. तेव्हा ‘निम्मा हप्ता भाड्यात, उरलेल्यातला बराचसा टॅक्समध्ये’ ही ओळ आधी खोड.

आता माझा हिशेब. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही. म्हणजे घरचे १० लाख. बांधकाम चालू आहे, म्हणून ५ टक्के जीएसटी, अडीच लाख. सूट धरूनही मुद्रांक शुल्क ३ लाख. नोंदणी ३० हजार. झाले १५ लाख ८० हजार, तेही पंखा-गीझर बसवण्याआधी. ४० लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३४,७०० च्या घरात जातो. तूच धरलेलं भाडं १७ हजार. वर्षातला एक महिना जागा रिकामी, एक भाडं एजंटला, महिना ३ हजार मेंटेनन्स, शिवाय मालमत्ता कर. हातात सव्वा लाख राहिला तर नशीब. सगळे मिळून जवळपास ५६ लाख अडकवून सव्वादोन टक्केही नाहीत! दर महिन्याला २४ हजार पदरचे घालायचे, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, व्याज मात्र सुरू.

‘आत्या, भाव वाढेल की,’ असं म्हणशील. बँकेच्या कर्ज विभागात हे वाक्य ऐकतच मी म्हातारी झाले. भाव वाढेलही, पण हप्ता दर महिन्याला भरायचा असतो. घराची खरी किंमत त्यात राहणारा माणूस ठरवतो. वाघोलीला जातोस ते रविवारी सकाळी, बिल्डरच्या गाडीतून, सॅम्पल फ्लॅट बघायला. तिथे कपाटंसुद्धा मुद्दाम बुटकी केलेली असतात, खोली मोठी दिसावी म्हणून. त्यापेक्षा एकदा आडवारी रात्री नऊला एकटा जा. शेजारची इमारत दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तिच्या किती खिडक्यांत दिवे लागलेत ते बघ. निम्म्या अंधारात असतील, तर तुझ्यासारखेच सगळे गुंतवणूकदार भाडेकरूची वाट बघत बसलेत असं समज. पाच जागा रिकाम्या असताना तुला १७ हजार कोण देईल? वॉचमनला विचार, टँकर दिवसाला किती येतात, आणि ते पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे. रिकामी घरं बांधत सुटलेल्या या शहरात पोरांना जागा मिळत नाही म्हणून ओरड व्हावी, याचा मला भारी संताप येतो. असो, माझं हे पुराण तुला पाठ आहे.

घ्यायचंच असेल तर जुनं घे. ओसी झालेलं, सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स झालेलं, स्टेशनला किंवा कॉलेजला चालत जाता येईल असं. जीएसटी वाचेल आणि भाडं लगेच सुरू होईल. इमारत फार जुनी असेल तर बँक कर्जाची मुदत कमी करते, ते आधी विचारून घे. आणि हीच जागा मनात बसली असेल, तर महारेराच्या साइटवर ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय तेवढं तरी बघ. ‘टोकन परत मिळतं’ असं कोणी म्हणालं, तर ते लेखी माग.

आणखी एक. तुमच्या कंपनीत पुन्हा माणसं कमी करतायत, असं कानावर आलंय. खरं आहे का? वहिनीला विचारलं तर ती सांगणार नाही, म्हणून तुलाच विचारते. त्याचं उत्तर आधी दे, मग तक्ता पुढे सरकव.

तुझी
आत्या