माती दाखवा आधी

कुंडीतलं झाड मलूल झालं की ओळखीची मंडळी मला फोनवर फोटो पाठवतात. फोटो नेहमी पानाचा असतो. पिवळं पडलेलं, मुरडलेलं, नाहीतर भोकं पडलेलं पान. सोबत प्रश्न ठरलेला, ‘कुठलं औषध मारू?’ मी त्यांच्याकडे आणखी दोन फोटो मागते. एक कुंडीतल्या मातीचा आणि दुसरा कुंडीच्या बुडाशी असलेल्या भोकाचा. बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं. माती दगडासारखी घट्ट झालेली असते आणि भोक चिखलानं बुजलेलं. अशा कुंडीत मुळांना हवाच मिळत नाही. मग वरून काहीही मारलं तरी झाड उभं राहत नाही.

पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी बरीच वर्षं भाजी आणि फुलझाडं लावते आहे. त्याची सुरुवात बियांपासून नाही, पाल्यापासून झाली. आमच्या आवारात जुने पर्जन्यवृक्ष आहेत, म्हणजे ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात ते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची पानगळ सुरू झाली की आवार पाल्यानं भरून जायचं. झाडणाऱ्या बाई तो सगळा कोपऱ्यात लोटायच्या आणि काडी लावायच्या. धूर थेट आमच्या खिडकीत. सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यामुळे ते दिवस घरात फार वाईट जायचे. एके दिवशी मी खाली जाऊन म्हटलं, ‘मावशी, हा पाला जाळू नका, पोत्यात भरून वर आणून द्याल का? पोत्यामागे पैसे देईन.’ त्या म्हणाल्या, ‘ताई, पैशाचं ठीक आहे, पण कचरा घेऊन करणार काय तुम्ही?’ म्हटलं, ‘माती करणार.’ त्यांचा विश्वास बसला नाही, पण पोती आली.

माझा विश्वास होता, कारण श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ मी वाचलेलं होतं. हा गणिताचा प्राध्यापक माणूस. ‘प्रयोग परिवार’ उभारून त्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांना आपापल्या शेतावर प्रयोग करायला लावलं. पानावर पडणारं ऊन हे आपलं खरं उत्पन्न आणि वाळलेला पाला ही त्या उन्हाची साठवण, ही त्यांची मांडणी मला तेव्हाच पटली होती. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली होती, तेही ठाऊक होतं. चिपाडं तर पुण्यात कुठल्याही रसवंतीवर मिळतात. फक्त ती आणली की आधी उन्हात खडखडीत वाळवावी लागतात, नाहीतर उरलेल्या गोडीवर मुंग्यांची रांग लागते.

पाल्याची माती करायला काही विशेष सामान लागत नाही. कोंबड्यांची जाळी मिळते ती गोल वळवून साधारण तीन फूट उंचीचं पिंप तयार करायचं. त्यात वीतभर पाला, त्यावर शेणकाला किंवा जुन्या खताचं पाणी, पुन्हा पाला, असे थर देत जायचं आणि प्रत्येक थर पायानं दाबायचा. नुसत्या वाळक्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून तो एकटा फार हळू कुजतो. स्वयंपाकघरातली भाजीची देठं, साली, चहाचा चोथा अधूनमधून घातला की काम वेगानं होतं. ओल किती हवी हे हातानं कळतं. मूठभर ऐवज घेऊन दाबला तर बोटांत ओलावा जाणवला पाहिजे, पण पाणी टपकता कामा नये. पुण्याच्या एप्रिलमध्ये, पारा 40 अंशांच्या आसपास असताना, ही ओल टिकवणं हेच मोठं काम. मी वरून भिजवलेलं गोणपाट टाकते. ढीग नीट लागला की मधे हात घालवत नाही इतका तापतो, आणि ते चांगलं लक्षण आहे. तो निवला की खालचा थर वर करून हलवायचा.

पर्जन्यवृक्षाची पानं नखाएवढी, त्यामुळे पाऊस सुरू होईपर्यंत त्यांचा काळा, भुसभुशीत ऐवज तयार होतो. गुलमोहराचंही तसंच. आंब्याची आणि बदामाची पानं मात्र चिवट. ती चुरून घातली नाहीत तर वर्षभर तशीच राहतात. ओलं खरकटं जास्त झालं आणि वास सुटला तर घाबरायचं नाही, भरपूर वाळका पाला मिसळायचा. अळ्या दिसल्या म्हणून कितीतरी लोक खताचा डबाच बंद करून टाकतात. त्या अळ्या कुजकं खातात, घरात येत नाहीत आणि काम आपलंच करतात.

गच्चीवर नुसती माती भरण्याच्या मी विरुद्ध आहे. एक घनफूट ओली माती 45 ते 50 किलो भरते. वाफे बांधून फूटभर माती ओतली की स्लॅबवर केवढा भार येतो याचा हिशेब कुणी करत नाही. पाल्याचं खत त्यामानानं पुष्कळ हलकं. माझ्या कुंड्यांत एक भाग लाल माती किंवा पोयटा, दोन भाग पाल्याचं खत आणि मूठभर निंबोळी पेंड असते. तळाशी भोकावर खापरीचा तुकडा आणि त्यावर नारळाची सोडणं. सगळ्या कुंड्या विटांवर उचललेल्या आणि जड पिंपं भिंतीच्या कडेला, तुळईवर. गच्चीचं पाणी वाहून जायला मोकळी वाट राहिली की सोसायटीचीही तक्रार राहत नाही.

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत ती एकटी वापरू नये. भिजली की तिचा चिखल होतो आणि वाळली की ती आकसते. आकसताना कुंडीच्या कडेपासून सुटते आणि बोटभर फट पडते. मग आपण झारीनं पाणी घालतो, ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं, कुंडी भिजली. मधला मुळांचा गड्डा मात्र कोरडाच राहतो. ‘रोज पाणी घालते, तरी झाड सुकतंय’ असं कुणी म्हणालं की मी ही फट बघायला सांगते. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, मग निथळायची आणि पुढे कधीतरी माती बदलायची.

पाणी रोज घालायचं की एक दिवसाआड, हा प्रश्नच मला मान्य नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावं. ओल लागली तर झारी खाली ठेवावी. मातीत वाफसा असला की मुळं चालतात. सतत चिखलात ठेवली की कुजतात, आणि मुळं कुजलेलं झाड अगदी तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, म्हणून लोक त्याला आणखी पाणी घालतात.

तुळशीचं नेमकं हेच होतं. घरोघरी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला. कधी कधी घरातली दोन-तीन माणसं वेगवेगळं घालतात. त्यात सिमेंटच्या वृंदावनाला खाली भोकच नसतं. आमच्या सासूबाईंचा नेम मोडावा असं मला कधी वाटलं नाही. मी त्यांना म्हटलं, ‘आई, पूजेचं पाणी पळीनं घाला, पोटभर पाणी मी बोट घालून बघून घालीन.’ त्यांना ते पटलं. ‘देवाला पळीभरच लागतं,’ म्हणाल्या. वृंदावनाला भोक पाडून घेतलं, सकाळचं ऊन मिळेल असं ते सरकवलं आणि दिवा पानांपासून जरा लांब ठेवायला लागलो. मंजिऱ्या दिसल्या की खुडायच्या. त्या पिकू दिल्या की झाडाचं बळ बियांत जातं आणि फांद्या काष्ठ होत जातात. कडाक्याच्या थंडीत तुळस खालावते, तेव्हा पाणी आणखी कमी करायचं आणि धीर धरायचा. थोड्या मंजिऱ्या वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात हवी तितकी रोपं होतात.

किडीच्या बाबतीत माझा नियम एकच आहे, सकाळी पान उलटून बघायचं. कीड बहुतेक वेळा पानाच्या पाठीला असते. मिरचीवर चुरडा-मुरडा आला की सरसकट एकच औषध मारतात, पण पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघावं. कडा वर वळून द्रोण झाला असेल तर बहुधा फुलकिडे, आणि पान खाली वळून लांबट, अरुंद झालं असेल तर कोळी. कोळ्यांसाठी गंधक चालतं, मात्र कडक उन्हाच्या दिवसांत गंधकानं पान भाजतं. विषाणूनं झाड खुजं होऊन गेलं असेल तर उपटून टाकणं बरं. पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. पांढरे पुंजके दिसण्याआधी खोडावरून चढणाऱ्या मुंग्या दिसतात. ढेकणाच्या अंगातून जो गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. मग जुन्या टूथब्रशनं, साबणाच्या पाण्यानं पुंजके घासून काढायचे, फार भरलेला शेंडा छाटून पिशवीत बांधून टाकायचा. त्यानंतर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरतं रिठ्याचं पाणी, असं ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारायचं. आठवड्यानं पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत.

मात्र फवारण्याआधी नीट पाहावं. माव्यानं भरलेल्या वालाच्या शेंड्यावर एकदा मला काळपट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अंगाची अळी दिसली. शेजारचे काका म्हणाले, ‘चिरडा, झाड खाईल.’ मी थांबले आणि भिंग आणलं. अळी एकेक मावा तोंडात धरून चोखत होती, कातडं टाकत होती आणि पुढच्याकडे वळत होती. ती ढालकिड्याची अळी. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा सगळ्यांना आवडतो, पण त्याचं हे पोर कुणी ओळखत नाही. मोठी होईपर्यंत ती शेकडो मावे फस्त करते. मी काकांना भिंग दिलं. बराच वेळ ते तिथून हलले नाहीत आणि त्यानंतर आमच्या गच्चीवर कुणी न बघता फवारा मारलेला नाही.

टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो, तो किडीचा नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही आणि ते बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमितपणामुळे. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी धबधबा, असं झालं की हा डाग ठरलेला. अंड्याची टरफलं मातीत घातल्यानं लगेच काही होत नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. मातीवर पाल्याचा जाड थर द्यावा, ओल एकसारखी राहते. हे आच्छादन मी बाराही महिने ठेवते. उन्हाळ्यात त्यानं माती भाजत नाही आणि पावसाळ्यात थेंबांच्या मारानं दबत नाही.

दुधीची कळी गळते ही आणखी एक नेहमीची तक्रार. उंच इमारतींवर परागीभवन करणारे किडे कमी पोचतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवेलागणीला वर जायचं. बारीक देठाचं ते नर फूल. ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादी. नर फूल खुडून पाकळ्या मागे सारायच्या आणि त्याचा पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. दोन-तीन दिवसांत मागचा दुधी फुगायला लागला तर जमलं. भोपळ्याचं आणि कारल्याचं हेच काम सकाळी करावं लागतं.

नव्यानं सुरुवात करणारे बहुतेक जण रोपवाटिकेतून फुललेला गुलाब आणतात. मी त्यांना सांगते, आधी या पावसाळ्यात अळूचा कंद लावा, पुदिन्याची बाजारातली काडी पाण्यात ठेवून मुळं फुटली की कुंडीत टोचा, ओव्याच्या पानाची फांदी खोचा. थंडीत डब्यातल्या मेथीदाण्यांची मेथी पेरा. यातलं काही गेलं तरी पैसे जात नाहीत आणि तेवढ्या दिवसांत पाणी किती घालायचं ते हाताला कळतं. कढीपत्ता वर्षभरानं लावा, गुलाब त्याच्याही नंतर. पाला हवा असेल तर मार्च संपायच्या आत पोती घेऊन आमच्याकडे या. मावशी आता आवारातला पाला परस्पर मागेल त्याला भरून देतात, जाळायचं नाव काढत नाहीत.