बाईची हजेरी

आंब्याच्या दिवसांत राजापूर तालुक्यातल्या एका पॅकिंग शेडमध्ये मी हजेरी लिहायचे. वहीत दोन दर: गडी 500, बाई 300. कारण विचारलं की उत्तर तयार असायचं: गडी झाडावर चढतो, क्रेट उचलतो. त्या कामाबद्दल माझा वाद नाही. पण शेडमध्ये कोण झाडावर चढतं?

तिथे गडी-बाया एकाच ताडपत्रीवर बसत. डागी फळ बाजूला काढायचं, वजनाप्रमाणे प्रतवारी करायची, पेटीत गवत अंथरून थर लावायचे. देठाचा चीक उडाला तर कातडी दोघांचीही भाजायची. उलट अडलं की गडीच शेजारी विचारत, "काकू, हा चार डझनीत जाईल की पाच?" संध्याकाळी त्याच काकू 200 रुपये कमी घेऊन घरी जात. कोणी कोणाला वाईट बोलत नव्हतं. मालक सगळ्यांना ताई-वहिनी म्हणत, चहा वेळेवर देत. म्हणून तर हा भेदभाव कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. काकूंनाही नाही. "पद्धतच हाय गो बाय," त्या म्हणायच्या.

एकटीने विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर बोलावलंच नसतं. म्हणून सगळ्या मिळून मालकांकडे गेलो. मागणी एकच होती, शेडमधल्या कामाला एकच दर. मालक म्हणाले, "परवडत नाही. सारखाच हवा असेल तर गड्यांचा कमी करतो."

त्या एका वाक्याने गडी आमच्यावर उलटले. सकाळपर्यंत आंबा विचारून घेणारे आमच्याशी बोलेनात.

रत्नागिरीच्या एका वकीलबाईंनी आम्हाला 1976 चा समान वेतनाचा कायदा वाचून दाखवला. सारख्या कामाला सारखा मोबदला, एवढंच त्यात नव्हतं. बरोबरी साधायला कोणाचाही मोबदला खाली आणता येत नाही, हेही होतं. आता 2019 च्या वेतन संहितेत ते आहे. त्यांनी एक खटलाही सांगितला. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा पगार कमी, म्हणून त्या लढल्या. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऐपत नाही ही सबब चालत नाही, असं सांगितलं.

मोबदला खाली आणता येत नाही, हे कलम मी आधी गड्यांना वाचून दाखवलं, मालकांना नंतर. आपला दर कमी होणार नाही हे कळल्यावर दोन गडी आमच्याबरोबर उभे राहिले. पुढच्या आठवड्यापासून प्रतवारी आणि पेटी भरण्याला वहीत एकच रकाना झाला, 500 चा.

शेड झाडणं आणि गवत निवडणं मात्र 300 वरच राहिलं. ते काम फक्त बायकाच करतात. शेजारी गडी नाही, म्हणून तुलना नाही. गवताच्या धुळीने काकूंना रात्रभर खोकला येतो. या दराचं काय, हे विचारायला आम्ही पुन्हा जाणार आहोत.