माझ्या नावाचं कर्ज

मैत्रिणींनो, तुमच्या नावावर कर्ज आहे का हो? हसू नका. गेल्या दिवाळीपर्यंत मीही हसलेच असते. मुलांच्या शाळेची फी, वाण्याचं बिल, भिशी, सगळं वेळच्या वेळी देणारी मी. उसनी साखरसुद्धा दुसऱ्या दिवशी परत करते, तीही वाटी शिगोशीग भरून!

झालं असं, की ऐन दिवाळीत आमच्या जुन्या फ्रीजनं मान टाकली. म्हटलं, नवा घेऊ आणि हप्ते माझ्या अर्ध्या वेळच्या नोकरीच्या पगारातून फेडू. जरा मिजासच होती म्हणा ना! दुकानात माझ्या पॅनकार्डाचा नंबर मशीनमध्ये घातला आणि तो मुलगा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वहिनी, तुमचं कर्ज मंजूर होत नाही. आधीचं थकलंय तुमचं."

घरी येईपर्यंत ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. चहाचा कप खाली ठेवताना म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी दिले नसते का?"

मी थक्कच झाले. मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं दुकान बंद पडलं होतं. ह्यांच्या मनात काय आलं ते न सांगताच कळलं. सासूबाईंनी तर मेथी निवडता निवडता भावाची अगदी आपुलकीनं चौकशी केली. समजायचं ते मी समजले. कपाटाच्या किल्ल्या बारा वर्षं माझ्या कमरेला आहेत. त्या रात्री त्या टोचल्या.

शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेनं मार्ग दाखवला. आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. २०१७ सालापासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की या प्रत्येकीनं आपल्याला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा. आम्ही दोघींनी मधल्या सुट्टीत बसून तो काढला. नाव माझं, जन्मतारीख माझी, पॅन माझा. ऑगस्टमध्ये मोबाइलवरून काढलेलं बावीस हजारांचं कर्ज, एकही हप्ता न भरलेलं. पण खालचा फोन नंबर माझा नव्हता आणि पत्ता होता परराज्यातला, जिथे मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. तो पत्ता वाचून मला रडू आलं, सुटल्यासारखं वाटून! चोराचा पत्ता बघून सुखावलेली मी पहिलीच असेन.

तो कागद मी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. ह्यांनी तो दोनदा वाचला. "हे कुणी केलं?" एवढंच म्हणाले. माफी वगैरे नाही. असो.

पण कुणी केलं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? आठवू लागले तेव्हा लाज वाटली. सिमकार्डाच्या दुकानात, गॅसच्या एजन्सीत, सहलीच्या हॉटेलात, जिथे मागितली तिथे मी आधार-पॅनची झेरॉक्स दिलेली. पगाराच्या कामासाठी दोन्ही कार्डांचे फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही सगळ्यांनीच टाकलेले. आणि झेरॉक्सवाला! त्याच्या फोनवर कार्ड पाठवायचं, तो छापून देतो, आपण पाच रुपये देऊन निघतो. परवा मुद्दाम त्याच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, तर अख्ख्या पेठेची कार्डं तिथे रांगेनं! तो पोरगा सज्जन आहे हो, पण ते मशीन काय सज्जन असतं?

मग मात्र मी कामाला लागले. ज्या कंपनीच्या अहवालात ती नोंद होती, तिच्याकडे 'हे कर्ज माझं नाही' अशी तक्रार ऑनलाइन केली. कर्ज देणाऱ्यांना लेखी कळवलं. पोलिसांच्या सायबर शाखेतही अर्ज दिला. दुसऱ्याची ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लावावा लागतो. एप्रिल २०२४ पासून उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. माझी नोंद सव्विसाव्या दिवशी पुसली गेली. शंभर रुपये हुकले!

प्रत्यक्ष खात्यातून पैसे गेले तर मात्र अर्ज लिहीत बसू नका. त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पांगतात.

आता आमच्याकडे पद्धत बदलली आहे. आधार द्यावंच लागलं तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत देते. आधारच्या संकेतस्थळावरून ती मिळते. काही ठिकाणी ती चालवून घेत नाहीत, तेव्हा झेरॉक्सवर आडवं लिहिते, 'फक्त अमुक कामासाठी', वर तारीख आणि सही. झेरॉक्सवाला कुरकुरतो, "काकू, कागद खराब केलात." करू दे बापडा. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर माझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही पाहिलं. तीन निघाली! एक वडिलांना घेऊन दिलेलं, आणि तिसरं कुणाचं ते देवाला ठाऊक. "हा माझा नंबर नव्हे" असं तिथेच कळवलं.

सासूबाईंच्या अंगठ्यालाही कुलूप लावलं. आधार, बँकेचं नाव आणि अंगठ्याचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात, आणि जमिनीच्या कागदांवरचे ठसे उचलून तसे ते काढल्याचे प्रकार घडलेले आहेत. हे कुलूप फोनवरून लागतं. सासूबाईंना मोठी गंमत वाटली. पुढच्याच आठवड्यात रेशनच्या दुकानात मशीन त्यांचा अंगठा घेईना, रांगेतल्या बायका खोळंबल्या, आणि मला धावत जाऊन ते थोड्या वेळापुरतं उघडावं लागलं. "कुलूप चांगलं आहे गं," त्या म्हणाल्या, "पण किल्ली तुझ्याकडेच का?" मग त्यांनाही शिकवलं. आता त्या शेजारणींना शिकवतात.

फ्रीज शेवटी रोख पैसे देऊन संक्रांतीला आणला. त्या दिवशी संध्याकाळी हे माझ्यासमोर येऊन बसले, खिशातून आपलं पॅनकार्ड काढलं आणि जरा घुटमळत म्हणाले, "माझ्याही नावावर काय काय निघतं, बघतेस का?"