पंतप्रधानांच्या दारातली वाट

ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या आवारातून कुणीही चालत जाऊ शकतं, हे मुलगा सांगत होता तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. वेंडोव्हरला उतरून आम्ही कूम्ब हिल चढलो. ही 'रिजवे'ची वाट. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत सुमारे 139 किलोमीटर. चिल्टर्नचे हे डोंगर खडूचे. पाऊस झाला की वाटेवर पांढरा राडा होतो, बुटांना कणकेसारखा चिकटतो आणि त्यातून चकमकीच्या दगडांच्या काळ्या धारा वर येतात. दोन्ही बाजूंना बीचचं रान, इतकं गर्द की खाली नुसता पाचोळा.

रान संपलं आणि चेकर्सकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा आला. 1921 पासून हे पंतप्रधानांचं गावाकडचं घर. फाटक, कॅमेरे, वाट सोडलीत तर गुन्हा, अशी पाटी. माझे पाय थबकलेच. मुलगा म्हणाला, "आई, चल." आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या शेतात शिरलो. कुणी हटकलं नाही. वाट सार्वजनिक म्हणून नकाशावर नोंदलेली आहे, एवढं पुरतं. शेतामधून जाणारी अशी पायवाट शेतकऱ्यानं नांगरली, तर 14 दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते.

हे मुलाकडून ऐकलं आणि मला गावाकडची, शेतात जाणारी आमची पाणंद आठवली. शेजाऱ्यानं ती दरसाल एकेक तास घालून खाल्ली. बैलगाडी जायची तिथं आता माणूस आडवा होऊन जातो. वडिलांनी 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावला. तारखांमागून तारखा. निकाल आमच्या बाजूनं लागला, पण वाट मोकळी झाली नाही. ऊस तोडणीला आला की भाऊ अजून दुसऱ्याच्या बांधावरून ट्रॉली नेण्यासाठी हातापाया पडतो. आमचीही पाणंद गावनकाशात आहेच की! ज्यांच्या पाणंदी अजून शाबूत आहेत त्यांनी आजच मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत, असं मी कळकळीनं सांगते.

चेकर्सच्या पुढे मात्र जीव गुदमरला. तारेपलीकडे निळ्या ब्लूबेलनी रान भरलं होतं आणि तिकडे पाऊल टाकायची सोय नाही. पाटी खाजगी मालकीची. सह्याद्रीत गडावर जाताना मी पाय नेतील तिकडून चढले आहे, वाटेतल्या घरी पाणी मागितलं आहे. इथं हक्क आहे, पण तो पायवाटेपुरताच. यातलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता येत नाही.