बारक्या

टाकीतला सगळ्यात लहान मासा, म्हणून आईने त्याचं नाव बारक्या ठेवलं. बोटाच्या दोन पेरांएवढा, नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला काळी बारीक किनार. दुकानात या जातीला सगळे निमोच म्हणतात. त्याच्याबरोबर आली ती मोठी, त्याच्याहून जेमतेम अर्ध्या पेराने लांब. दोघंही हॅचरीत वाढलेली. समुद्रातून पकडून आणलेला मासा घ्यायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

टाकी मात्र त्यांच्या मानाने अवाढव्य. ४ फूट लांब, २ रुंद, २ उंच. म्हणजे जवळजवळ ४५० लिटर पाणी. काच, दगड, स्टँड धरून अर्ध्या टनाच्या पुढेच वजन जातं, म्हणून ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंजिनियरला दाखवून ती बीमवरच्या भिंतीलगत बसवली. नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी असं म्हणतात. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत मला ते मुळीच पटत नाही. समुद्रातल्या जिवाला पाण्यातल्या बदलाची सवय नसते आणि पाणी जितकं जास्त, तितका बदल सावकाश. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. लहान टाकीत एका दिवसात खारटपणा चढतो. मोठीत आपल्याला सावरायला वेळ मिळतो. उडालेल्या पाण्याची भरपाई करायची तीही आरओच्या गोड्या पाण्याने, कारण मीठ कुठे गेलेलंच नसतं.

मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम, तापमान २६ अंशांच्या आसपास. मग वाट पाहायची. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना जाळतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्तीला येईपर्यंत महिना-दीड महिना टाकी माशांविना चालवावी लागते. आई रोज विचारायची, "अरे, नुसत्या पाण्याला दिवे कशाला लावतोस?"

दगड सिरॅमिकचे घेतले. कारण दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते तिथे आहेत हे योग्यच आहे. अंदमानच्या प्रवाळांमध्ये हे मासे समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या शुंडकांत राहतात. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्यांना तो डंख बाधत नाही. आमच्याकडे समुद्रफूल नव्हतं. या दोघांनी आडवी ठेवलेली मातीची कुंडी घर म्हणून धरली. मोठी आत, बारक्या दाराशी. ती जवळ आली की तो अंग तिरपं करून थरथरायचा. मी तुझ्यापेक्षा लहान, असं सांगण्याची ही त्यांची रीत. तिचं झाल्याशिवाय तो खाण्याला तोंड लावत नसे.

एका पावसाळ्यात मोठी गेली. दोन दिवस खाल्लं नाही आणि सकाळी दगडामागे सापडली. बारक्या कुंडीच्या दारातच राहिला. त्यानंतर जे झालं ते मी पुस्तकात वाचलं होतं, तरी डोळ्यांपुढे पाहताना थक्क झालो. या जातीत सगळे नर म्हणूनच वाढतात. गटातला सर्वांत मोठा तेवढा मादी होतो आणि मादी मेली की तिच्याखालचा नर तिची जागा घेतो. बारक्या अंगाने भरू लागला, कुंडीच्या आत झोपू लागला. काही महिन्यांनी त्याच्याहून लहान जोडीदार आणून सोडला, तर पहिल्याच दिवशी त्याने त्या पोराला कोपऱ्यात दाबून थरथरायला लावलं.

मग ती बारक्या झाली. काच पुसायला हात घातला की मनगटावर धावून यायची, चावायची, परत फिरून यायची. आई कौतुकाने सांगे, "बारक्या आज तुझ्या अंगावर आली बघ!"

पुढच्या वर्षी कुंडीच्या आतल्या भिंतीवर नारिंगी दाण्यांचा थर दिसला. नर दिवसभर पंखांनी अंड्यांवर पाणी घाली, खराब झालेली तोंडाने उचलून टाकी. आठवड्याभरात अंडी काळपट झाली आणि प्रत्येकात चंदेरी डोळ्यांची जोडी चमकू लागली. ती अंधार पडल्यावर फुटतात, म्हणून त्या संध्याकाळी मी कुंडी उचलून वेगळ्या टबात ठेवली, खाली हवेचा बारीक दगड लावला. बारक्याने तेव्हा माझ्या बोटाची साल काढली.

पिल्लांना पहिले दिवस जिवंत रोटिफर लागतात, आणि त्यांना खायला हिरवं शेवाळपाणी. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्या उभ्या राहिल्या. आई त्या उन्हाकडे फिरवून ठेवायची. बरीच पिल्लं गेली. उरलेल्यांच्या अंगावर दुसऱ्या आठवड्यात डोक्यामागचा पहिला पांढरा पट्टा उमटला, तेव्हा तिने शेजारणींना बोलावून दाखवला.

आता त्यांतली काही डोंबिवलीला माझ्या मावसभावाच्या टाकीत आहेत. त्यांच्यात मोठी कोण व्हायची, यावरून सध्या रोज भांडणं चालली आहेत.