नोकरी सोड, पण कागद कर

डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत मी मुंबईला बँकेत जायचे, ते काही हौसेनं नव्हे. दोन पगारांशिवाय भागत नव्हतं. पण पुढे त्याचाच अभिमान वाटायला लागला आणि एक मत पक्कं होऊन बसलं: शिकलेल्या बाईनं नोकरी सोडायची नसते, नवऱ्याचा पगार कितीही असो. ‘गरज नाही म्हणून सोडली’ असं कुणी म्हणालं की मनातल्या मनात मी तिला एक पायरी खाली बसवायचे.

मताला कारणही होतं. मयत खातेदारांचे क्लेम माझ्याकडे यायचे. चांगल्या घरातली, पन्नाशीची बाई प्लास्टिकच्या पिशवीतून ठेवींच्या पावत्या टेबलावर ओतायची. ठेव एकट्या नवऱ्याच्या नावावर. नॉमिनी म्हणून लग्नाआधी लावलेलं सासूबाईंचं नाव, आणि सासूबाई कधीच्या गेलेल्या. “हे सगळं तेच बघायचे हो,” म्हणून ती माझ्याकडे बघत राहायची. यावर नोकरी हा एकच उपाय मला दिसायचा. (नोकरी करणाऱ्या कितीजणींचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं, तेही दिसत होतं. तिकडे मी काणाडोळा केला.)

मग मुलीनं पुण्यातली आयटीतली नोकरी सोडली. मूलबाळ नाही, आजारपण नाही. जावयांच्या पगारात घर नीट चालतं आणि दिवस स्वतःच्या हातात हवा, एवढंच कारण. मी तुटक बोलायला लागले. “आई, तुला माझी काळजी वाटतेय की तुझ्या नोकरीचा अपमान?” तिनं विचारलं. अपमानच वाटत होता.

तरी माझं मत बदललं ते तिच्या बोलण्यानं नाही, तिच्या फायलीनं. फ्लॅट दोघांच्या नावावर. जावयांचा टर्म इन्शुरन्स १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढलेला, म्हणजे उद्या काही झालं तर त्या रकमेला त्यांचे देणेकरी हात लावू शकत नाहीत. दरमहा ठरलेली रक्कम तिच्या खात्यात. त्या पैशाच्या ठेवीवरचं व्याज प्राप्तिकरात जावयांच्याच उत्पन्नात धरतात. तो कर ते भरतात. दोघांची मृत्युपत्रं तयार, कारण नॉमिनी बहुतेक वेळा रक्कम नुसती ताब्यात घेतो, मालक वारसच.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर संपत्तीत नवराबायकोचा निम्मानिम्मा हक्क कायद्यानंच असतो. आपल्याकडे तसं नाही. इथे घटस्फोट झाला तर बाईनं पोटगी मागायची; नवऱ्याच्या नावावरच्या घरात तिचा आपसूक वाटा नसतो. घरकाम मात्र तीच जास्त करते: २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. गृहिणीच्या या कामाचं उत्पन्न धरलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं; पण तेही अपघातात गेलेल्या बाईची भरपाई ठरवताना. जिवंतपणी तिच्या नावावर काय आहे, ते घरानंच बघायचं.

माझ्या क्लेमवाल्या बायकांकडे नोकरी नव्हती हे खरं, पण त्या अडल्या होत्या कागदांपायी. तेव्हा परवडत असेल आणि मनात असेल, तर खुशाल सोडा नोकरी. फक्त राजीनामा द्यायच्या आधी दोघांनी बसून घराचे कागद, पॉलिसी, नॉमिनी आणि मृत्युपत्र उरकून घ्या. आणि नवरा ‘बघू नंतर’ म्हणाला, तर राजीनामाही नंतरच द्या.