दस्ता आणि चिठ्ठी

१ ऑगस्ट २०२४. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. रेल्वेत तिकीट तपासणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात कुणाला पुस्तक उघडायचं नव्हतं. मी जळगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे असे दिवस मला आवडतात. मुलं आपणहून मराठीत प्रश्न विचारतात.

एका मुलीनं विचारलं, "सर, बंदूक हा शब्द आपला की मराठी?"

मी सांगितलं, दोघांचा. मूळ अरबी. बुंदुक म्हणजे एक छोटं गोल कवचाचं फळ. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती उडवणारं हत्यार. फळ्यावर मी बंदुकीचं चित्र काढलं. नळी, चाप आणि मागे खांद्याला लावतात तो दस्ता. दस्त म्हणजे फारसीत हात. हातात धरायचा तो दस्ता, मुठीत मावणाऱ्या कागदांचा गठ्ठा तोही दस्ता. दस्तऐवज या शब्दातलं दस्तही तेच. बंदूक आणि कागद, दोन्ही एकाच हाताची लेकरं.

मुलं हसली. मला मात्र अब्बांची पेटी आठवली.

अब्बा धुळ्यात सुतारकाम करायचे. चौकटी, पलंग, दुकानांची काउंटरं. १९९३ च्या जानेवारीत बंदुकांचा परवाना असलेल्या एका दुकानदार शेठनं त्यांना निरोप पाठवला. एका रायफलीचा दस्ता तडकलाय, नवा बसवायचाय, त्यांचा नेहमीचा कारागीर गावी गेलाय. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. अम्मी म्हणाली, "ह्या दिवसांत? बंदुकीच्या दुकानात आपल्या माणसानं?" बाबरी मशीद पडून महिना झाला होता. मुंबईच्या बातम्या रोज येत होत्या. अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लकडी का काम है." आणि हत्यारांची पेटी माझ्या हातात दिली. त्या दिवसांत 'हत्यारं' हा शब्दसुद्धा अम्मी हळू आवाजात उच्चारायची, मग ती पटाशी आणि रंधा का असेना.

रायफल शिरपूरकडच्या एका केळी बागायतदाराची होती. पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, .३१५ बोअरची, बोल्टवाली. सैन्याच्या .३०३ ची काडतुसं साध्या माणसाला ठेवता येत नाहीत, म्हणून सरकारी कारखान्यानं त्याच बांधणीची ही रायफल नागरिकांसाठी काढली, असं शेठनी सांगितलं. आम्ही पोचताच त्यांनी आधी नळी रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट बाहेर काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. अब्बांनी दोन अटी घातल्या. काम दुकानातच होईल, रायफल उंबरठा ओलांडणार नाही. आणि दार उघडं राहील.

शेठकडे अक्रोडाच्या लाकडाचा तयार दस्ता होता. मला वाटलं, जुना काढायचा, नवा लावायचा, पंधरा मिनिटांचं काम. दोन दिवस लागले.

या जातीच्या रायफलीत लाकूड दोन तुकड्यांत असतं. एक नळीखाली, एक मागे. मधे लोखंडी अंग, त्याला खोबण. दस्त्याचं तोंड त्या खोबणीत बसतं आणि दस्त्याच्या आतून आरपार जाणारा लांब बोल्ट ते घट्ट ओढतो. अब्बा मागची पट्टी काढून सरळ पेचकस घालणार, तेवढ्यात शेठनी हात धरला. जुन्या .३०३ च्या बांधणीत या बोल्टचं टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता मागून फिरवलं तर ते उभं चिरतं. आधी पुढचं उतरवायचं, मग मागचं.

मग अब्बांनी रॉकेलची चिमणी पेटवून तिची काजळी धरली आणि खोबणीला आतून लावली. नवा दस्ता दाबून बसवला, पुन्हा ओढून काढला. लाकडावर जिथे काळं उमटलं तेवढंच टेकत होतं. तेवढंच पटाशीनं खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. मी कंटाळून विचारलं, एकदाच जास्त का नाही तासत? ते म्हणाले, जास्त तासलं तर सैल होईल. गोळी सुटली की धक्का मागे येतो. लाकूड सगळीकडून सारखं टेकलं असेल तर तो धक्का वाटला जातो. एकाच जागी टेकलं असेल तर त्या जागी चीर जाते. जुना दस्ता तसाच फुटला होता.

दुसऱ्या दिवशी बागायतदार आप्पा आले. ठेंगणे, रुंद, डोक्यावर टोपी. दस्ता खांद्याला लावताच म्हणाले, "मिस्तरी, लांब पडस. मना खांदा दुखस." अब्बांनी त्यांना कोपर काटकोनात वाकवायला लावलं आणि कोपराच्या आतल्या वळणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत दोरीनं माप घेतलं. मग डोळे मिटायला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून डोळे मिटूनच रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, आता उघडा. नेमाची खूण डोळ्यासमोर आपोआप यायला हवी. मान वाकडी करून शोधावी लागली तर दस्ता चुकलाय. मागून सुमारे पाऊण इंच कापला, पट्टी पुन्हा बसवली, जवसाचं तेल चोळलं. आप्पांनी डोळे उघडले आणि हसले. "आते माझी वाटस."

पुढे मी वाचलं की ब्रिटिशांच्या सैन्यालाही हे ठाऊक होतं. .३०३ चे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे येत. नेहमीच्या मापाचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि पूर्ण इंचानं आखूड. माणसाला हत्याराच्या मापात बसवण्यापेक्षा हत्यार माणसाच्या मापाचं करणं सोपं असतं. स्वप्नीलची रायफल तर गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत पुन्हा पुन्हा जुळवून घेता येते. शिकवण्याबद्दल बी.एड.ला मी जे वाचलं, त्यातलं बरंचसं मला आधी त्या दुकानात दिसलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. पैसे घेताना अब्बांनी शेठना एक चिठ्ठी मागितली. शेठना नवल वाटलं, तरी दुकानाच्या कागदावर लिहून दिली. अमुक तारखेला दुकानात दस्ता बसवला, हत्यार दुकानाबाहेर गेलं नाही. खाली सही, शिक्का. आप्पांनी आठवड्यानं केळीचा घड पाठवला. घड आम्ही खाल्ला, चिठ्ठी पेटीत गेली.

६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. मी तेव्हा जळगावला होतो. रस्ते सुरू झाल्यावर घरी पोचलो, तर अब्बा पेटी उघडून बसले होते. वीस वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी शोधत होते. सापडली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ केली, वाचली, पुन्हा घडी घातली. मी म्हणालो, "अब्बा, एवढ्या जुन्या कामाचं कोण विचारणार?" ते म्हणाले, "पूछे तो?"

आप्पांकडे रायफल होती आणि परवाना होता. अब्बांकडे फक्त पटाशी होती, तरी त्यांना पुरावा जपावा लागला. अब्बा आता नाहीत. चिठ्ठी माझ्याकडे आहे.

फळ्यावरच्या चित्राकडे बघत बंदुकीचा शब्द विचारणारी ती मुलगी त्याच वर्षी एनसीसीत गेली. शिबिरात .२२ रायफलीनं गोळ्या झाडून आली, खांदा दाबत. "सर, दस्ता लांब होता." मी तिला आप्पांच्या दोरीच्या मापाची गोष्ट सांगितली. दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, हमारी लडकी के हाथ में बंदूक? कल को कोई कुछ बोला तो?"

मी एनसीसीचे फायदे सांगितले, स्वप्नीलचं नाव घेतलं. ती मान हलवत राहिली. शेवटी माझ्या तोंडून गेलं, "काळजी करू नका. तिचं प्रमाणपत्र मिळालं की नीट जपून ठेवा." आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती गेल्यावर मी बराच वेळ स्टाफरूममध्ये बसून राहिलो. शाबासकीचा कागद मी एका वाक्यात चिठ्ठी करून टाकला होता.

पुढच्या शिबिराला मुलगी निघाली तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं, "खांद्याला नीट लाव. गाल टेकव. मान वाकडी करू नकोस."